अकरा वाजून पाच मिनिटं

प्रयोगशाळेच्या मागच्या खिडकीत कुणाची तरी चार बोटं दिसली.

चेतनाने हातातली काचेची कांडी खाली ठेवली. बोटं चौकटीवर चाचपडत होती. मग एक कपाळ वर आलं, मग दोन डोळे. डोळे आत बघत होते – कपाटाकडे, टेबलाकडे, कोपऱ्यात रांगेने ठेवलेल्या मातीच्या पिशव्यांकडे.

"कोण आहे?"

डोळे दचकले. "मी... वायर आत कुठून घ्यायची ते बघत होतो."

"दार पुढे आहे."

"आतून कडी आहे, मॅडम. तीनदा वाजवलं. आत काहीतरी मशीन घरघरतंय, त्यात ऐकू गेलं नसेल. इंटरनेटचं कनेक्शन मागितलंय ना तुम्ही? नंदुरबारहून आलोय. नवनीत."

"ओळखपत्र?"

गजांमधून ओळखपत्र आत आलं. तिने फोटो पाहिला, खिडकीतला चेहरा पाहिला, पुन्हा फोटो पाहिला.

"फोटोत मिशी आहे."

"गेल्या महिन्यात काढली."

"का?"

त्याने ओठावरून बोट फिरवलं. "इतक्या घरांत गेलो... हा प्रश्न अजून कुणी विचारला नव्हता."

तिने कडी काढली. तो आत आला तो मिरचीचा वास घेऊनच. नंदुरबारच्या बाहेर लाल मिरच्या वाळत घातलेल्या असतात, त्यांच्यामधून रोज मोटारसायकलवर येणाऱ्याच्या शर्टात तो वास मुरतोच. चेतनाला शिंक आली. एक नाही, चार.

"माफ करा," तो म्हणाला.

"लांब उभे राहा," ती म्हणाली.

चेतनाचा स्वभावच तसा होता. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून तिने लोणखेड्यात घरामागच्या दोन खोल्यांत माती आणि पाणी तपासायला सुरुवात केली, त्याला तीन वर्षं झाली होती. कुठलाही आकडा ती तीनदा मोजल्याशिवाय वहीत लिहीत नसे. पपईवाले, केळीवाले शेतकरी तिच्या अहवालावर डोळे मिटून विश्वास ठेवत, कारण ती स्वतः कशावरच डोळे मिटून विश्वास ठेवत नसे.

आता या प्रयोगशाळेला सरकारमान्यता मिळायची होती. वीस फेब्रुवारीला, शुक्रवारी, सकाळी अकरा ते एक पुण्याचे तपासनीस व्हिडिओवरून प्रत्येक उपकरण चालताना बघणार होते. मध्येच व्हिडिओ तुटला तर तपासणी रद्द, पुढची तारीख सहा महिन्यांनी – म्हणजे अख्खा हंगाम हातचा जाणार. मोबाइलचं नेट त्या दोन खोल्यांत धड पोहोचत नव्हतं. म्हणून ही तार, हा राउटर आणि हा बिनमिशीचा माणूस.

नवनीतने भिंतीला भोक पाडलं, तार आत घेतली, राउटर लावला आणि लॅपटॉप उघडून बसला. चेतना त्याच्या पाठीमागे उभी राहिली.

"तुम्ही बसलात तरी चालेल," तो म्हणाला.

"दिसत नाही मग."

"बरं, बघा. जोडणीचा प्रकार – पीपीपीओई. म्हणजे तुमचा राउटर आमच्या ऑफिसच्या सर्व्हरला जाऊन आपलं नाव सांगतो, पासवर्ड सांगतो. बरोबर असलं की आत घेतात."

"आणि नसलं?"

"दारातूनच परत."

"चांगली पद्धत आहे."

"हो," तो स्क्रीनकडे बघत म्हणाला, "आज अनुभवली."

ती हसली नाही. पण तो वळून बघणार इतक्यात तिला ओठ आवळून धरावे लागले, हेही खरं.

राउटरच्या स्वतःच्या पानाचा पासवर्ड बदलायची वेळ आली तेव्हा तिने त्याला भिंतीकडे तोंड करायला लावलं. तो मुकाट वळला. तेवढ्यात आई, निर्मलाबाई, चहा घेऊन आल्या आणि भिंतीकडे तोंड करून उभा असलेला तरुण पाहून दारातच थबकल्या.

"हाई काय वं? शिक्षा दिनी का त्याले?"

"तसंच समजा, मावशी," तो भिंतीला म्हणाला.

"ये रे भाऊ, चहा ली ले. कोन गावना तू?"

"धानोराना."

"मंग आपलाच शे."

चहा पिऊन झाल्यावर त्याने एक छोटा कागद निर्मलाबाईंच्या हातात दिला. जोडणीचं नाव आणि पासवर्ड त्यावर लिहिलेले होते. घरातल्या मोठ्या माणसाकडे द्यायची त्यांच्याकडे रीतच होती. चेतनाने तो आधी आपल्या वहीत उतरवून घेतला, मग आईने तो लोखंडी कपाटात ठेवला. घराचा उतारा, रेशन कार्ड, सगळं तिथेच होतं.

एक आठवडा सगळं सुरळीत चाललं.

नऊ तारखेला, सोमवारी, अकरा वाजून पाच मिनिटांनी राउटरवरचा हिरवा दिवा लाल झाला. मग हिरवा. मग लाल. जवळपास अर्धा तास हा खेळ चालला आणि मग आपोआप थांबला. मंगळवारी पुन्हा तेच, अकरा पाचलाच. चेतनाने फोन केला. नवनीत साडेबाराला आला, तेव्हा दिवा शहाण्यासारखा हिरवा होता. त्याने तार तपासली, सेटिंग तपासली.

"सगळं ठीक आहे, मॅडम."

"सकाळी नव्हतं."

बुधवारी अकरा पाचला लाल. गुरुवारी अकरा पाचला लाल. गुरुवारी तो आला, दिवा हिरवा. निर्मलाबाईंनी दारातून दोघांकडे पाहिलं.

"तो उना का नेट चालू, तो गया का नेट बंद. काय गम्मत शे वं हाई?"

त्या सहज बोलून गेल्या, पण चेतनाच्या डोक्यात ते वाक्य रुतून बसलं. खरंच, काय गंमत आहे ही? हा माणूस बिघाड दुरुस्त करतो, की सोडून जातो? आणि आणखी एक गोष्ट तिने टिपली होती. तिच्या जोडणीचं ते अक्षरं-आकड्यांचं लांबलचक नाव तो कुठेही न बघता लिहीत होता. शहाद्यापासून प्रकाशापर्यंत याचे शेकडो ग्राहक. मग तिचंच नाव तोंडपाठ कसं?

तिने वहीत नवं पान केलं. तारीख, वेळ, दिवा किती वेळा लाल, नवनीत कधी आला, कधी गेला, काय बोलला.

सोमवारी, सोळा तारखेला, तो तिसऱ्यांदा तपासणीला आला. त्याने राउटरमागची तार काढून हातात घेतली.

"एक विचारू?" तो म्हणाला. "रागावणार नसाल तर."

"विचारा. रागाचं नंतर ठरवू."

"हे खरंच बंद पडतं... की..."

"की काय?"

"मी येतो तेव्हा चालू असतं. दर वेळी. म्हणून वाटलं..."

"मी खोट्या तक्रारी करते? तुम्हाला इथे बोलावण्यासाठी?"

"असं मी म्हटलं नाही." त्याने तार सावकाश गुंडाळली. "असतं तर वाईट वाटलं नसतं... एवढंच."

चेतनाने वही त्याच्यासमोर आपटली. "वाचा."

त्याने वाचलं. दहा तारीख, नवनीत आला बारा बत्तीस. गेला एक दहा. शर्ट निळा. बारा तारीख, आला बारा चाळीस. गेला एक पंचवीस. चहा दोन कप.

"शर्टाचा रंग कशासाठी?"

"नोंद पूर्ण असावी."

"आज हिरवा आहे," तो म्हणाला. "लिहून घ्या."

तो गेल्यावर तिने खरंच लिहिलं. लिहिताना तिच्या लक्षात आलं, की आज सकाळी अकराच्या आधी आपण आरशासमोर जाऊन आलो होतो. केस नीट केले होते. अकरा पाचला दिवा लाल झाला, तेव्हा चिडायच्या आधी नजर दाराकडे गेली होती. आता तिला स्वतःचाही संशय येऊ लागला.

बुधवार उजाडला. तपासणीला दोन दिवस उरले. या वेळी नवनीत न बोलावता आला, आणि त्याचा चेहरा उतरलेला होता.

"ऑफिसातून सर्व्हरची नोंद काढून घेतली. तुमच्या नावाने दोन राउटर आत शिरताहेत. नाव एक, पासवर्ड एक. सर्व्हर एकालाच ठेवतो. दुसरा आला की पहिल्याला बाहेर काढतो, पहिला पुन्हा येतो, की दुसऱ्याला काढतो. म्हणून ते लाल-हिरवं."

"दुसरा राउटर कुणाचा?"

"कळत नाही. आमच्या यादीतला नाही."

चेतना शांतपणे बोलली. राग आला की ती आणखी शांत होत असे. "माझं नाव आणि पासवर्ड कुणाकुणाला माहीत आहे?"

"तुम्हाला."

"आणि?"

तो लॅपटॉपकडे बघत म्हणाला, "मला."

"मग उरलं काय?"

खोलीत मशीन घरघरत होतं. नवनीतने लॅपटॉप मिटला, पिशवीत ठेवला, पिशवीची चेन लावली. हे सगळं त्याने फार सावकाश केलं – जणू मध्येच ती काही बोलेल म्हणून.

दारात तो थांबला. "मॅडम, तुम्ही सगळं तीनदा मोजता म्हणे. मला एकदाच मोजलंत."

दुपारी चेतनाने त्याच्या ऑफिसला फोन करून तक्रार नोंदवली. संध्याकाळी तिकडून कळवलं, की शहादा-लोणखेड्याच्या लाईनवरून त्याला काढून तापीकाठच्या प्रकाशा गावाला पाठवलंय, शनिवारी दुसरा माणूस येईल.

शनिवारी! तपासणी शुक्रवारी होती.

गुरुवारी अकरा पाचला दिवा लाल झाला. चेतना डोकं धरून मागच्या अंगणात येऊन उभी राहिली. तेवढ्यात भिंतीपलीकडून शेजारच्या शीलाकाकींचा आवाज आला –

"ओ भाग्येश! तुन्हं तोंड अटकी गयं रे! पोऱ्याले दखाड ना!"

भाग्येश म्हणजे काकींचा सुरतला असलेला मुलगा. नातू दीड वर्षाचा.

चेतनाने भिंतीकडे पाहिलं. मग आत जाऊन तिने राउटरचं बटण बंद केलं.

भिंतीपलीकडून आनंदाचा चीत्कार आला. "उना, उना! मन्हा राजा उना!"

तिने बटण चालू केलं. मिनिटभराने, "आते परत अटकना!"

बंद. "उना!"

चालू. "अटकना!"

तिने तिसऱ्यांदा बंद केलं. तीनही वेळा उत्तर एकच आलं. ती घरात आली. निर्मलाबाई मेथी निवडत होत्या.

"माय, नेटना कागद कोनले दिना का तू?"

"शीलाबाईनी मांगा. त्या रविवारले भाग्येश उना व्हता ना, त्यानी लिखी लिना. त्यासना जुना नेटना डबा तं घरमा पडेल व्हता, तार बी व्हती, फक्त कागद नही व्हता. कागद कपाटमाच शे. दखी ले."

"माय, तो कोनले देवाना नही ऱ्हास!"

"काब्र?" निर्मलाबाईंना खरंच कळेना. "ती इरजन मांगस तं आपन देतस नही का? चमचाभर दिनं म्हनीसन आपलं दही कमी व्हस का? बिचारी रोज कामं आटपी अकराले नातूनं तोंड देखस. अर्धा तास. मंग बटन बंद करी देस, तुन्हं नेट सराले नको म्हनीसन."

चेतना खुर्चीवर बसली. पासवर्ड कुणाला माहीत आहे, हे मोजताना तिने घरातलं लोखंडी कपाट सुरक्षित म्हणून धरलं होतं. कपाटाची किल्ली जिच्या कमरेला असते, तिला धरलंच नव्हतं.

तिने नवनीतला फोन लावला; पाच वेळा रिंग वाजली. पलीकडे वारा होता.

"मी... चेतना."

"नंबर आहे माझ्याकडे."

"माझं चुकलं."

वारा. मग, "काय चुकलं?"

तिने सगळं सांगितलं, क्रमाने, काही न गाळता. आईचा कागद, काकींचा नातू, तीनदा बंद-चालू केलेलं बटण. तो ऐकत गेला. शेवटी म्हणाला, "रागाचं नंतर ठरवू. आधी उद्याचं बघा. लॅपटॉप जवळ आहे?"

"आहे."

"ऑफिसला फोन करून जोडणीचा पासवर्ड बदलून घ्या. नवीन काय ठेवाल ते मला सांगू नका. मग मला फोन करा."

"सांगितला तरी..."

"नको," तो म्हणाला. "मला तो माहीत नसलेलाच बरा."

ते तिला लागलं. तिने ऑफिसला फोन करून पासवर्ड बदलला, त्याच फोनवर तक्रार मागे घेतली, चूक माझी होती असंही सांगितलं. नवनीत मात्र महिनाअखेरपर्यंत प्रकाशालाच राहील, असं तिकडची बाई म्हणाली.

मग तिने पुन्हा त्याला लावला.

"राउटरचं पान उघडा. इंटरनेट सेटिंगमध्ये जा. जोडणीचा प्रकार?"

"पीपीपीओई." हे सगळं तिला येत होतं. तिने पाठीमागे उभं राहून एकेक ओळ पाहिली होती. तरीही तो सांगत होता आणि ती ऐकत होती.

"युजरनेमच्या खाली जुना पासवर्ड असेल. तो पुसा. नवा लिहा. तिथे युजरनेम तेच आहे ना?" आणि त्याने ते अक्षरं-आकड्यांचं लांबलचक नाव घडाघडा म्हणून दाखवलं.

"तेच आहे." ती थांबली. "सगळ्या ग्राहकांचं असं पाठ असतं?"

"नाही."

"मग?"

"सेव्ह करा," तो म्हणाला. "आणि एक मिनिट थांबा."

ते एक मिनिट दोघांनीही फोन ठेवला नाही. मग दिवा हिरवा झाला.

"झाला."

"आता गेस्ट वाय-फाय म्हणून आहे तिथे, पाहुण्यांसाठी वेगळा पासवर्ड; ते काकींना चालू करून द्या. सिग्नल भिंतीपलीकडे जाईल. काकींचा नातू तुटायला नको."

याच माणसाला आपण काल काय म्हणालो, हे चेतनाला आठवलं.

शुक्रवारी तपासणी दोन तास सात मिनिटं चालली. दिवा एकदाही लाल झाला नाही. पुण्याच्या बाईंनी प्रत्येक उपकरण चालवून दाखवायला लावलं, वह्या कॅमेऱ्यासमोर धरायला लावल्या आणि शेवटी म्हणाल्या, की इतक्या बारीक नोंदी फार कमी ठिकाणी दिसतात. मान्यता देण्याची शिफारस आजच करते. निर्मलाबाईंनी सगळ्या गल्लीत पेढे वाटले. नवनीतला कळवायला चेतनाने फोन हातात घेतला, आणि ठेवून दिला. समोर उभं राहून केलेली चूक फोनवरून कशी दुरुस्त करायची?

शनिवारी ती स्कूटी काढून प्रकाशाला गेली. तापीच्या पुलाच्या अलीकडे, रस्त्याकडेच्या खांबाला शिडी लावून तो वर चढला होता. हातात काळी डबी, तिच्यातून केसासारख्या बारीक तारा. त्याने खाली पाहिलं, ओळखलं आणि पुन्हा तारांकडे पाहिलं.

"पाच मिनिटं लागतील. आता हात सोडता येत नाही."

"थांबते."

ती थांबली. पाचाची पंधरा झाली. उसाच्या दोन बैलगाड्या गेल्या. शेवटी त्याने डबी बंद केली, पण खाली उतरला नाही.

"तपासणी?"

"झाली. मान्यता मिळेल."

"अभिनंदन, मॅडम."

"ऐका," ती वर बघत म्हणाली. उन्हाने डोळे बारीक झाले होते. "बुधवारी मी जे बोलले, ते न तपासता बोलले. ते चुकीचं होतं. त्याची माफी मागायला आले. आणि अजून एक बोलायचंय. ते तपासून आले आहे."

"काय तपासलंत?"

"अकरा वाजले की मी दाराकडे बघते. आधी वाटलं, नेट बंद पडतं म्हणून बघते. पण काल नेट चालू होतं, पुण्याच्या बाई समोर होत्या – तरी बघितलं. आज सकाळी सुट्टी, काही काम नाही, तुम्ही येणार नाही हे माहीत होतं. तरी बघितलं. बिघाड नसतानाही बघते, म्हणजे कारण बिघाड नाही."

त्याने शिडीचा दांडा दोन्ही हातांनी धरला.

"मग कारण काय?"

"तुम्ही."

पुलावरून एक ट्रक गेला. त्याचा आवाज पार विरला. मग बोलला तो ऑफिसातल्या मराठीत नाही, घरच्या बोलीत.

"माले वाटनं, तू भांडाले उनी."

"ते बी करसू. दुसरा दिन."

"नी परत मन्हावर शंका उनी तं?"

"आधी तुलेच इचारसू."

तो हसला, कपाळावरचा घाम बाहीने पुसला. बाहीची मिरची डोळ्यात गेली असावी, कारण मग तो बराच वेळ डोळे चोळत राहिला.

"शिडी धरशी का जरा?" तो म्हणाला. "पाय कापी ऱ्हायनात."

चेतनाने पुढे होऊन शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली. तो एकेक पायरी उतरत खाली आला, आणि शेवटच्या पायरीवर पोहोचला तरी तिने हात काढले नाहीत.